अपस्मार कोणाच्या पायाखाली?

दिवाळीच्या अंकात फेफऱ्यावर लेख म्हणजे सणासुदीला अपशकुन, असे पुष्कळांना वाटेल. वाटो. नरकचतुर्दशीला पहाटे कारीट पायाने फोडून त्याचे कडू जिभेला लावण्याची रीत आमच्या कोकणात आहे. फराळाचे ताट त्यानंतर. शिवाय हे कडू याच वेळी लावण्यास आणखी एक कारण आहे. तुळशीचे लग्न लागले की घरोघरच्या पत्रिका कपाटातून बाहेर येतात, मुलगी 'दाखविणे' सुरू होते, आणि ज्या घरात कोणाला फेफरे आहे त्या घरात कुजबुज सुरू होते. गोळ्यांची बाटली धान्याच्या डब्यामागे जाते. डॉक्टरांची चिठ्ठी गादीखाली जाते. शेजारणीला 'कुठे बोलू नका हं' म्हणून बजावले जाते. दारात दिव्यांची आरास आणि माजघरात अंधार, असा हा प्रकार आहे. मला त्या माजघराशी भांडावयाचे आहे.

भांडण तिघांशी आहे. पहिला, झटका आलेल्याच्या नाकाला चप्पल लावणारा. दुसरा, चार बुके शिकलेला, 'इतके दिवस झटका नाही, आता कशाला गोळ्या?' म्हणून औषध बंद करविणारा. तिसरा, आजार झाकून लग्न लावणारा. आणि त्याच आजाराचे नाव ऐकताच सुनेला माहेरी धाडणारा त्याचा व्याही. हे दोघे दिसावयास निराळे, पण एकाच भीतीची लेकरे, म्हणून त्यांना मी एकातच मोजतो. तिघांचेही अज्ञान एकच आहे. मेंदूत काय घडते हे त्यांना ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यावे असेही वाटत नाही. तेव्हा भांडणाआधी ते समजून घेऊ. विषय अवघड नाही. रव्याचे लाडू वळता येणाऱ्या कोणालाही तो समजेल.

आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी आहेत. या सगळ्या एकमेकींना जोडलेल्या असून मेंदू म्हणजे एक अखंड जाळे आहे, असे इटलीचा कामिल्लो गोल्जी मानीत असे. पेशी काळ्या रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली दाखविण्याची युक्ती १८७३ साली त्यानेच काढली. पण त्याच युक्तीने स्पेनच्या सांतियागो रामोन ई काहाल याने पाहिले की प्रत्येक पेशी सुटी आहे. ती शेजारणीच्या अगदी जवळ येते, पण तिच्यात मिसळत नाही. १९०६ साली नोबेल पारितोषिक दोघांना मिळून दिले गेले, आणि पारितोषिकाच्या व्याख्यानांतही दोघे एकमेकांविरुद्ध बोलले. काहालचे खरे ठरले. दोन पेशींमधली फट इतकी लहान, की एका मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यांतल्या एका भागाएवढी. पण ती असते.

मग ही फट ओलांडून निरोप जातो कसा? विजेच्या ठिणगीने की एखाद्या द्रव्याने? १९२१ साली ऑस्ट्रियात ग्राझ येथे ओटो लोवी याने बेडकांची दोन हृदये खारट पाण्यात जिवंत ठेवली. एकाचा मज्जातंतू चेतवून त्याचे ठोके मंद केले, त्याच्याभोवतीचे पाणी दुसऱ्या हृदयावर सोडले, तो तेही मंदावले. पाण्यातून काही द्रव्य गेले होते, यात शंका उरली नाही. तरी मेंदूत आणि पाठीच्या कण्यात मात्र ठिणगीच असणार, असा एक पक्ष राहिला. त्याचा अग्रणी जॉन एकल्स. १९५१ साली न्यूझीलंडमधील डनेडिन येथे एकल्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांजराच्या कण्यातील एका पेशीत काचेची अतिसूक्ष्म नळी घालून पाहिले. एक पेशी दुसरीला गप्प बसविते तेव्हा आतला विद्युद्भार कोणत्या दिशेला सरकावा, हे ठिणगीच्या मतावरून आधीच ठरलेले होते. तो नेमका उलट दिशेला सरकला. एकल्सने आपले मत सोडले आणि तसे छापून सांगितले. १९६३ साली त्यालाही नोबेल मिळाले. पुढे ठिणगीने बोलणारे काही सांधे मेंदूत सापडले, पण बहुतेक सांधे द्रव्यानेच बोलतात. आपल्या मताविरुद्ध एक पुरावा येताच मत टाकणारा हा मनुष्य कोठे, आणि पिढ्यान् पिढ्या चप्पल हुंगवूनही 'यावेळी का बरे पुन्हा झटका आला?' असे एकदाही न विचारणारे आपण कोठे!

आता त्या फटीतच डोकावू. पेशी स्वस्थ असते तेव्हा तिचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. एखाद्या तंतूच्या टोकाशी निरोप पोचला की तेथे कॅल्शियम आत शिरते, टोकातल्या सूक्ष्म कुप्यांची तोंडे उघडतात आणि त्यांतले द्रव्य फटीत सांडते. पलीकडची पेशी चेतवावयाची असेल तर मेंदूत हे द्रव्य बहुधा ग्लूटामेट असते. पलीकडच्या पेशीच्या अंगावर त्याच्यासाठी दारे असतात. ग्लूटामेटने ती उघडली की सोडियमचे धनभारित कण आत घुसतात आणि आतला ऋणभार थोडा कमी होतो. पण एकट्यादुकट्या निरोपाने काही होत नाही. एकेका पेशीकडे हजारो ठिकाणांहून निरोप येत असतात. पुरेसे निरोप एकदम आले आणि ऋणभार ठराविक मर्यादेच्या खाली उतरला, की ती पेशी पेटते. तिच्या तंतूवरून सेकंदाचा एखाददुसरा सहस्रांश टिकणारी लाट पुढे धावते आणि पुढच्या पेशींच्या दारात ग्लूटामेट सांडते. पणतीने पणती लावावी तसे हे आहे. मात्र येथे एक पणती पेटण्यास अनेक ज्योती एकदम लागाव्या लागतात.

नुसते चेतविणेच असते तर मेंदूचा क्षणात वणवा झाला असता. म्हणून मेंदूच्या वरच्या थरातील दर पाच पेशींत साधारण एक पेशी आवरण्याचे काम करणारी असते. तिच्या कुप्यांत गॅबा नावाचे द्रव्य असते. ते मेंदूत आहे, हे १९५० साली अमेरिकेच्या यूजीन रॉबर्ट्सने दाखविले. गॅबाने निराळी दारे उघडतात, क्लोराइडचे ऋणभारित कण आत येतात आणि पेशी पेटेनाशी होते. आता गंमत पाहा. हा गॅबा ग्लूटामेटपासूनच बनतो. एक विकर ग्लूटामेटच्या रेणूचा एक तुकडा काढून टाकते, की झाला गॅबा. चेतविणारा आणि आवरणारा एकाच कुळातले. बाहेरचा कोणी नाही. आणि ग्लूटामेट तरी काय? ज्या ग्लूटामिक आम्लाचे ते रूप, ते आपल्या तुरीच्या वरणातल्या प्रथिनांतही भरपूर असते. आपण दिवा पाहतो, आईचा आवाज ओळखतो, गेल्या वर्षीची चकली बिघडली होती हे आठवतो, ते सारे या चेतविण्या-आवरण्याच्या तोलावर.

हा तोल ढळला आणि पेशींचा एखादा जमाव एकमेकींना एकसारखा चेतवू लागला, की जे होते त्याला फेफरे म्हणतात. मेंदूच्या करड्या भागातून एकाएकी, अतोनात आणि वेगाने होणारा विसर्ग, असे त्याचे वर्णन लंडनच्या ह्यूलिंग्ज जॅक्सनने १८७३ सालीच केले होते. १९२९ साली जर्मनीतील येना येथे हान्स बर्गरने मनुष्याच्या डोक्यावरून मेंदूतील विजेच्या लाटा कागदावर उतरविल्याचे प्रसिद्ध केले, आणि पुढे या वादळाचे चित्रच हाती आले. १९५०नंतरच्या दशकात जपानच्या टाकाशी हायाशीने प्राण्यांच्या मेंदूवर ग्लूटामेट घालून झटके आणून दाखविले. आणि त्याच सुमारास अमेरिकेत तान्ह्या मुलांना अचानक झटके येऊ लागले. शोध करता आढळले की ही मुले एका विशिष्ट डबाबंद दुधावर वाढत होती आणि ते दूध तयार करताना त्यातले ब-६ जीवनसत्त्व नष्ट होत होते. ग्लूटामेटचा गॅबा करणाऱ्या विकराला हे जीवनसत्त्व लागतेच. ते मुलांना मिळताच झटके थांबले. त्या मुलांच्या आयांनी कोणते पाप केले होते? कोणत्या पूर्वजाचे श्राद्ध चुकले होते?

हा तोल प्रत्येकाच्या डोक्यात आहे, म्हणून तो ढळण्याची शक्यताही प्रत्येकाच्या डोक्यात आहे. जन्मताना बाळ गुदमरले, डोक्याला मार लागला, मेंदूला सूज आली, रक्ताची गाठ अडकली, तर उद्या तो कोणाचाही ढळेल. आपल्या देशात तर पट्टकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत गाठ होणे हे झटक्यांचे एक मोठे कारण आहे. ही अंडी घाणेरड्या हातांवरून आणि न धुतलेल्या भाजीवरूनही येतात. तेव्हा 'आमचे घराणे शुद्ध शाकाहारी' हे उत्तर या किड्यापुढे चालत नाही.

आता पहिल्या आरोपीकडे वळू. झटका बहुधा एक-दोन मिनिटे टिकतो आणि आपोआप थांबतो. चप्पल शोधावयास, कांदा फोडावयास, किल्ल्यांचा जुडगा मुठीत कोंबावयास साधारण तेवढाच वेळ लागतो. झटका थांबतो, श्रेय चपलेला. त्या न्यायाने मुठीत जुने पंचांग दिले असते तरी तो थांबला असता! आणि हे नुसते हास्यास्पद असते तर मी सोडून दिले असते. पण याच गडबडीत दातांत चमचा घालणारे दात पाडतात, तोंडात पाणी ओतणारे ते छातीत घालवितात, आणि हातपाय दाबून धरणारे खांदा निखळवितात. करावयाचे ते इतकेच: आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर सारा, डोक्याखाली मऊ काही द्या, गळ्याजवळचे कपडे सैल करा, कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांवर गेले, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरा झटका आला, तर दवाखाना. शिक्षकांनाही एक सांगावयाचे आहे. काही मुले पडत नाहीत, कापत नाहीत. दहा-पंधरा सेकंद शून्यात पाहतात आणि पुन्हा लिहू लागतात. तीही फेफऱ्याचीच एक जात आहे. 'लक्ष नाही' म्हणून त्या मुलाला बाकावर उभे करणे म्हणजे पाय मोडलेल्याला धावला नाही म्हणून मारणे.

दुसरा आरोपी अधिक सभ्य, म्हणून अधिक घातक. १८५७ साली लंडनच्या डॉ. चार्ल्स लोकॉकने ब्रोमाइडचा उपयोग सांगितला. १९१२ साली जर्मनीत फेनोबार्बिटल आले, १९३८ साली अमेरिकेत मेरिट आणि पटनम यांनी फेनिटॉइन दिले, आणि त्यानंतर औषधांची रांगच लागली. फेनोबार्बिटल गॅबाचा हात बळकट करते. फेनिटॉइन सोडियमच्या दारांना आवर घालते, म्हणजे पेशीला लागोपाठ पेटता येत नाही. आपण वर पाहिलेल्या फटीत आणि दारांतच ही औषधे काम करतात. त्यांत जादू नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे, आणि योग्य निदान व औषध मिळाले तर त्यांतले ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांशिवाय जगू शकतात. तरी गरीब देशांत चौघांतल्या तिघांना उपचार मिळत नाही. जुन्या गोळ्या महाग नाहीत. महाग आहे ती लाज.

झटका येत नाही म्हणून गोळी बंद करणे म्हणजे पाऊस अंगावर येत नाही म्हणून छत्री मिटणे. औषध एकदम तोडले तर झटके पूर्वीपेक्षा जोरात येऊ शकतात, एकामागून एक येऊन जिवावर बेतू शकतात. गोळ्या कमी करता येतात. पण काही वर्षे झटक्याविना गेल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि हळूहळू. दिवाळीत तर अधिकच जपावे. जागरण आणि चुकलेली गोळी ही झटक्याला दिलेली दोन आमंत्रणे. रात्री उशिरापर्यंत करंज्या तळावयाच्या, पहाटे अभ्यंगस्नानाला उठावयाचे, पाहुण्यांच्या गर्दीत गोळी राहून जावयाची, आणि पाडव्याला झटका आला की म्हणावयाचे, 'कोणाची तरी दृष्ट लागली.' दृष्ट नव्हे, झोप आणि गोळी!

तिसरा आरोपी म्हणजे आपण सगळे. १९७६ साली आपल्या संसदेने विवाहाचा कायदा सुधारताना वेडाच्या झटक्यांच्या जोडीला अपस्माराचे नाव बसविले; वारंवार झटके येणाऱ्याचा विवाह न्यायालयात रद्द ठरविता येऊ लागला. त्याच वर्षाच्या शेवटी टोनी ग्रेग इंग्लंडचा संघ घेऊन भारतात आला. १९७७च्या जानेवारीत त्याने कलकत्त्याच्या ईडन गार्डनवर शतक ठोकले आणि मालिका ३-१ अशी जिंकून नेली. या ग्रेगला लहानपणापासून फेफरे होते आणि औषधाने त्याने ते ताब्यात ठेवले होते. आपल्या कायद्याला जो नवरा व्हावयास नालायक वाटत होता, तो आपल्या अकरा निवडक खेळाडूंना हरवून गेला! पुढे १९९२च्या विश्वचषकात इंझमामला धावबाद करण्यासाठी चेंडूसकट यष्ट्यांवर झेपावलेला जाँटी ऱ्होड्स सर्वांना आठवतो. त्यालाही फेफरे आहे आणि त्याने ते कधी लपविले नाही. आपल्या कायद्यातून तो शब्द खोडावयास १९९९ साल उजाडले. कायद्यातून गेला, बैठकीच्या खोलीतून अद्याप गेलेला नाही.

येथे मुलीचा बाप मला अडवील. तो म्हणेल, 'लिहिणे सोपे आहे. खरे सांगितले तर स्थळ मोडते. तुम्ही करून घेणार का तिला सून?' प्रश्न रास्त आहे, आणि खरे सांगितल्यावर काही स्थळे मोडतील हे मी नाकारीत नाही. पण झाकून लागलेल्या लग्नात काय होते तेही पाहू. मुलगी सासरी गोळ्या लपविते, लपविता लपविता चुकविते, शेगडीपाशी पडते. मग 'फसविले' म्हणून ओरड होते, आणि ती ओरड अगदी खोटी असते असेही म्हणता येत नाही. मूल राहण्याच्या आधी औषधाचा विचार डॉक्टरांशी व्हावा लागतो, कारण काही गोळ्या गर्भाला बाधक असतात. जिला गोळी घेते हेच सांगावयाची चोरी, ती हा विचार कोणापाशी करणार? मोडलेले स्थळ परवडले. मोडलेले डोके परवडत नाही. आणि मुलाचा आजार झाकणाऱ्या वरपित्यालाही यांतला शब्द न् शब्द लागू आहे. किंबहुना अधिक, कारण त्याला जाब विचारणारे कोणी नसते.

मुलाच्या आईला वाटते, वंशात उतरेल. काही प्रकार कुळात दिसतात, हे खरे. पण फेफरे असलेल्या बहुतेक आईबापांच्या मुलांना फेफरे नसते. मधुमेहाचे स्थळ आपण 'साखरेचे थोडे आहे' म्हणून हसून करतो. मग येथेच भुवया का चढाव्यात? पोहताना कोणी सोबत असावे, झटके चालू असताना वाहन चालवू नये, विस्तवाशी सांभाळून असावे, ही पथ्ये आहेत. पथ्ये मधुमेहालाही आहेत.

शेवटी कोणी परंपरेचा आधार घेईल. जरूर घ्यावा. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात वात, पित्त, कफ यांवरून आजाराचे प्रकार आहेत आणि औषधे आहेत, चप्पल नाही. ग्रीसमध्ये सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या एका ग्रंथकाराने लिहून ठेवले, की या रोगाला 'दैवी' म्हणणारे आपले अज्ञान झाकीत आहेत, रोगाचे मूळ मेंदूत आहे. म्हणजे जुने लोक आपल्यापेक्षा नवे होते. आपण परंपरेतले शहाणपण टाकले आणि भीती तेवढी जपली.

नटराजाची मूर्ती सर्वांनी पाहिली आहे. त्याच्या उजव्या पायाखाली एक बुटका पुरुष पडलेला असतो, त्याचे नाव अपस्मार. परंपरेने त्याला अज्ञानाचे रूप मानले आहे, आजारी माणसाचे नव्हे. आपण मात्र अर्थ उलटा केला. पाय रोग्याच्या छातीवर ठेवला आणि अज्ञानाला खांद्यावर घेऊन मिरविले.

१७ नोव्हेंबर हा आपल्याकडे राष्ट्रीय अपस्मार दिन असतो. दिवाळी आणि लग्नसराई यांच्या आगेमागेच तो येतो. त्या दिवशी भाषणे होतील, ती होवोत. मी वाचकांकडे त्याहून लहान गोष्ट मागतो. या मोसमात ज्यांच्या घरी पाहण्याचा कार्यक्रम आहे त्यांनी पत्रिका जशी मोकळेपणाने मागावी, तसेच प्रकृतीविषयीही दोन्ही बाजूंनी मोकळेपणाने विचारावे आणि सांगावे. आणि समोरून 'फेफरे आहे, गोळ्या चालू आहेत' असे खरे उत्तर आले, तर चहाचा पेला खाली ठेवून उठू नये. पुढचा प्रश्न विचारावा: 'बरे, गोळ्या वेळेवर घेता ना?'